'लाइन' : एका इंग्रजी शब्दाचा मराठीतील अर्थविस्तार
(विशेष संदर्भ : शिरड शहापूर परिसरातील बोलव्यवहार)

एकाच शब्दाने अनेक अर्थांची कामे करणे ही कोणत्याही जिवंत भाषेतील नित्याची घटना होय. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात या घटनेला स्वतंत्र पारिभाषिक नाव दिले. मराठीत तिला 'अनेकार्थता' असे म्हटले जाते. इंग्रजीतील अनेकार्थतेचा विषय निघाला की 'सेट' या तीन अक्षरी शब्दाचा दाखला हटकून दिला जातो. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या शब्दाची नोंद सर्वांत लांब होती. हा दाखला रंजक असला तरी मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने तो काहीसा परका आहे. इंग्रजी शब्द इंग्रजीत किती अर्थांनी वावरतो, यापेक्षा तो मराठीत आल्यावर काय होतो, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. परभाषेतून शब्द येताना आपले सगळे अर्थ बरोबर आणत नाही. त्यांतले एकदोन तो आणतो आणि उरलेले येथे मिळवतो.

या दृष्टीने 'लाइन' हा शब्द विशेष चिकित्सेस पात्र आहे. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर या गावाच्या परिसरात, किंबहुना परभणी, नांदेड व हिंगोली या साऱ्या पट्ट्यात, सकाळपासून रात्रीपर्यंत हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो, तितका दुसरा कोणताही इंग्रजी शब्द क्वचितच उच्चारला जात असेल. 'लाइन यायली-जायली करायली', 'लाइनीत उभं राहा', 'पोरानं कोणती लाइन घेतली?', 'शेतातली लाइन फुटली', 'त्याला लाइनवर आणायला पाहिजे' ही पाच वाक्ये एकाच घरात एकाच दिवशी ऐकू येऊ शकतात. पाचही ठिकाणी अर्थ निराळा आहे आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ सहसा होत नाही.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'तागाचा धागा' असा सांगण्याची प्रथा आपल्याकडे आहे. परंतु ती सैल आहे. ज्या झाडाच्या वाखापासून लिनन हे कापड होते ते झाड ताग नसून जवस होय. मराठवाड्यात जवस पिकते ते तेलासाठी आणि चटणीसाठी. त्याचा दोरा येथे कोणी काढत नाही. तरीही औंढ्याच्या बाजारात विकली जाणारी जवस आणि विजेची 'लाइन' यांचे मूळ एकच आहे, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जवसाच्या धाग्यावरून ताणलेली दोरी, दोरीवरून सरळ रेघ, रेघेवरून ओळ व रांग, असा या शब्दाचा युरोपातील प्रवास झाला.

मराठीत या प्रवासाला समांतर असा प्रवास आधीच झालेला होता. संस्कृतातील 'सूत्र' व मराठीतील 'सूत' हे शब्दही धाग्यापासूनच निघाले. सुतार व गवंडी यांच्या व्यवहारात 'सूत' हे इंचाच्या आठव्या भागाचे माप झाले. 'सुतासारखा सरळ होणे' या वाक्प्रचारात ते वर्तनाचे माप झाले, आणि 'सूत जुळणे' यात ते दोन मनांच्या मेळाचे नाव झाले. आता 'लाइन'चे मराठी अर्थ यांच्याशेजारी ठेवून पाहावेत. उनाड मुलाला 'लाइनवर आणणे' म्हणजे त्याला सुतासारखा सरळ करणे. 'त्या दोघांची लाइन जुळली' म्हणजे त्यांचे सूत जुळले. इंग्रजीत या शब्दाला सरळपणाचा अर्थ आहे. परंतु 'लाइन मारणे' व 'लाइन देणे' ही प्रेमव्यवहाराची परिभाषा भारतीय भाषांनी घडवलेली आहे, इंग्रजाला ती समजावून सांगावी लागेल. याचा अर्थ असा की, नवा शब्द मराठीत आला तो जुन्या शब्दाने पाडलेल्या वाटेवरूनच चालला. बांधकामावर गवंड्याच्या हातात असणारी 'लाइनदोरी' हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. ओळंब्याने उभी रेघ आणि लाइनदोरीने आडवी रेघ साधली जाते. या जोडशब्दाची फोड केली तर 'दोरी-दोरी' एवढेच हाती लागते. पण गवंड्याच्या दृष्टीने त्यात पुनरुक्ती नाही. साधी दोरी ती दोरी, आणि भिंत सरळ ठेवते ती लाइनदोरी.

शब्दाच्या व्याकरणिक रूपातूनही त्याचे रुळणे दिसून येते. मराठीने 'लाइन' स्त्रीलिंगी केली, कारण ओळ, रांग, रेघ, रेषा, पंगत हे तिचे सारे शेजारी स्त्रीलिंगी आहेत. अनेकवचन करताना मात्र मराठीने 'रांग-रांगा' व 'रेघ-रेघा' हा मार्ग सोडून 'ओळ-ओळी' हा मार्ग पत्करला व 'लाइनी' असे रूप सिद्ध केले. सामान्यरूपात एक बारकावा आढळतो. माणसांच्या रांगेविषयी बोलताना 'लाइनीत', 'लाइनीला' अशी विकारी रूपे सहज येतात. उच्चार तर 'लायनीत' असाच होतो. दूरध्वनी, अभ्यासक्रम किंवा धंदा यांच्या संदर्भात मात्र बहुधा 'लाइनवर', 'लाइनमध्ये' अशी अविकारी रूपे वापरली जातात. 'तो किराणा लाइनमध्ये आहे' आणि 'तो किराण्याच्या लाइनीत आहे' या दोन वाक्यांत माणूस एकदा दुकानदार असतो आणि एकदा गिऱ्हाईक. ज्या अर्थाने शब्द अगोदर व खोलवर रुजला, त्या अर्थाने तो मराठी प्रत्ययांना वश झाला आणि नंतर आलेले अर्थ अद्याप पाहुण्यासारखे राहिले, असे अनुमान यावरून करता येते.

हा शब्द या भागात कोणत्या वाटेने आला, याचाही विचार आवश्यक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्यामुळे पुण्या-मुंबईकडे इंग्रजी शब्द जसे शाळेतून व छापील मजकुरातून आले, तसे ते येथे आले नाहीत. ते छावणीतून, रेल्वेतून आणि कचेरीतून, बहुधा दखनी उर्दूच्या तोंडून आले. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. शिपायांच्या ओळीने बांधलेल्या वस्तीला 'लाइन' म्हणण्याची लष्करी रीत 'पोलीस लाइन' या रूपाने आजही सर्वत्र जिवंत आहे. पूर्णा-वसमत-हिंगोली हा लोहमार्ग दीर्घकाळ मीटरगेज होता. त्याचे रुंदीकरण या शतकाच्या पहिल्या दशकात झाले. मीटरगेजला 'छोटी लाइन' व ब्रॉडगेजला 'बडी लाइन' म्हणण्याच्या पद्धतीत ही दखनी वाट स्पष्ट दिसते. 'लोहमार्ग' हा शब्द शासनाने पोलीस ठाण्याच्या पाटीवर टिकवला. प्रवाशाने तो कधी तिकिटाच्या खिडकीवर उच्चारला असेल, असे वाटत नाही.

परंतु या परिसरातील 'लाइन'चा खरा आणि स्वतंत्र अर्थ विजेचा आहे. लष्कर, रेल्वे व रांग यांचे अर्थ इंग्रजीत होते, ते येथे आले. 'लाइन गेली' हा अर्थ इंग्रजीत नाही. इंग्रजीत विजेच्या संदर्भात हा शब्द तारेला लागतो. तारेतून वाहणाऱ्या विजेला लागत नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात तो तारेवरून विजेवर, विजेवरून वीज असण्याच्या वेळेवर सरकला. 'रात्रीची लाइन' आणि 'दिवसाची लाइन' हे शब्दप्रयोग कृषिपंपांच्या वेळापत्रकातून निघाले. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशा आळीपाळीच्या थ्री फेज पुरवठ्यावर येथील शेतकऱ्याने अनेक वर्षे काढली आहेत. 'या हप्त्यात आमची रात्रीची लाइन आहे' या वाक्यात लाइन म्हणजे तार नव्हे, वीजही नव्हे. ती एक पाळी आहे, आणि तिच्यात थंडी, अंधार व विंचवाकाट्याचे भय हे सारे सामावलेले आहे.

पुण्या-मुंबईकडे 'लाइट गेली' असे म्हणतात आणि इकडेही तो प्रयोग अपरिचित नाही. तथापि 'लाइन'ला येथे जे प्राधान्य मिळाले त्याचे कारण भाषेबाहेर शोधावे लागते. शहरात वीज प्रथम दिव्याच्या रूपाने आली, म्हणून तिचे नाव 'लाइट' पडले. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने खेड्यापाड्यांत खांब रोवले तेव्हा शेतकऱ्याला वीज हवी होती ती प्रामुख्याने विहिरीवरच्या मोटरीसाठी. मोटरीला उजेड नको, लाइन हवी. हे स्पष्टीकरण अंतिम आहे असे नव्हे. पण घरातील दिव्याविषयी 'लाइट' व शेतातील पुरवठ्याविषयी 'लाइन' अशी जी विभागणी अनेकांच्या बोलण्यात आढळते, ती त्यास पुष्टी देते. एवढेच नव्हे, तर विजेशी संबंधित इंग्रजी शब्दांत येथील बोलीने नेटकी कामवाटणी केली आहे. पुरवठा तो 'लाइन', दिवा तो 'लाइट', झटका तो 'करंट'. 'लाइन बसली' असे कोणी म्हणत नाही आणि 'करंट गेला' असेही सहसा म्हणत नाही. अशुद्ध, भेसळीची म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बोलीने केलेली ही वाटणी कोणत्याही परिभाषा समितीने अभिमानाने मिरवावी अशी आहे.

परिभाषा समित्यांच्या कार्याकडे येथे वळणे प्राप्त आहे. माधव जूलियन यांच्या 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) या पुस्तकाच्या काळापासून परकीय शब्दांच्या हकालपट्टीचा आग्रह मराठीत चालत आला आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने पदनाम कोश, शासनव्यवहार कोश इत्यादी साधने निर्माण केली. त्यांतील अनेक शब्द रुजले, हे मान्य केलेच पाहिजे. 'भारनियमन' हा शब्द वृत्तपत्रांनी उचलला आणि तो टिकला. 'लाइन'च्या वाट्याला मात्र 'वाहिनी' हा प्रतिशब्द आला. उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी, आणि २०१७ पासून 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना'. शब्द सुबक आहे, अर्थवाहीही आहे. अडचण अशी की, तोपर्यंत दूरचित्रवाणीच्या चॅनेललाही मराठीने 'वाहिनी' म्हणून टाकले होते. इंग्रजी शब्दाच्या अनेकार्थतेवर उपाय म्हणून आणलेला मराठी शब्द स्वतःच अनेकार्थी झाला. (घराघरांतील 'वहिनी'शी त्याचा उच्चार किती जवळ जातो, हा मुद्दा विनोदी लेखकांसाठी सोडून द्यावा.) २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. तिने 'लाइनमन'ला 'जनमित्र' असे नाव दिले. हेतू चांगला होता. पण खांबावर चढणाऱ्या माणसाच्या नावातून त्याचे काम काढून टाकले की लोक ते नाव स्वीकारत नाहीत. लाइनमन लाइनमनच राहिला.

याउलट, 'लाइन'च्या प्रसाराचे स्वागतच करावे, असेही नाही. विजेच्या बाबतीत या शब्दाने कोणाची जागा घेतली नाही. ती जागा रिकामीच होती. इतर क्षेत्रांत त्याने चांगल्या नांदत्या शब्दांना बाहेर काढले आहे. मराठीला एकामागे एक असण्याच्या किती तऱ्हा ठाऊक होत्या, हे पाहण्यासारखे आहे. अक्षरांची ओळ, माणसांची रांग, जेवणाऱ्यांची पंगत, झाडांची हारी, कागदावरची रेघ, भूमितीतील रेषा, शेतातील सरी आणि पिकाचे तास. यांपैकी प्रत्येक शब्द आपल्या वस्तूला चिकटलेला आहे. अक्षरांची रांग होत नाही आणि पंगतीची रेषा होत नाही. शाळेतील वह्यांची नावे 'एकेरी', 'दुरेघी' व 'चौरेघी' अशी होती. आज दुकानात 'सिंगल लाइन', 'डबल लाइन' व 'फोर लाइन' मागितली जाते. चौरेघी वही तर इंग्रजी अक्षरे गिरवण्यासाठीच असते; त्या इंग्रजीच्या वहीलाही कालपर्यंत मराठी नाव होते, हे येथे लक्षात घ्यावे. 'ही लाइन वाच', 'खाली लाइन मार', 'लाइनीत बसा' अशी तीन वाक्ये शिक्षकाने एका तासात उच्चारली तर विद्यार्थ्याच्या संग्रहातील ओळ, रेघ व रांग हे तीन शब्द एकदम निकामी होतात. हा तोटा विजेच्या 'लाइन'मुळे होणाऱ्या कथित तोट्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मात्र निबंधात 'लाइन गेली' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाक्याखाली लाल रेघ ओढली जाते आणि तीच रेघ ओढताना 'अंडरलाइन केलं आहे, बघ' असे सांगितले जाते.

जे शब्द टिकले ते कोठे टिकले, हेही उद्बोधक आहे. औंढ्याला नागनाथाच्या देवळात महाशिवरात्रीला लागते ती दर्शनाची रांग होय. तेथे 'लाइन' बोलण्यात येते, परंतु फलकावर 'दर्शनरांग' हाच शब्द राहतो. पंढरपूरची 'दर्शनबारी' तर अबाधित आहे. लग्नातील पंगत बसते तोपर्यंत पंगत असते. बुफे आला की तिची लाइन होते. येथे शब्द बदलला असे म्हणण्यापेक्षा वस्तूच बदलली, असे म्हणणे योग्य ठरेल. शासकीय अमूर्त संकल्पनांच्या बाबतीत 'रेषा' भक्कमपणे उभी आहे. दारिद्र्यरेषा व नियंत्रण रेषा या शब्दांत 'लाइन'ला शिरकाव करता आला नाही. अर्थात दारिद्र्यरेषेखालील माणूस स्वतः 'बीपीएलमध्ये नाव आहे' असेच म्हणतो. त्याच्या तोंडी ती रेषा आद्याक्षरांत लपलेली असते.

शेतातील परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. सरी-वरंब्यावर हळद घेणाऱ्या शेतकऱ्याच्या रानात वरून विजेची लाइन गेलेली असते, जमिनीखालून पाइपलाइन आणि बेण्याशेजारून ठिबकची लाइन. 'लाइन तुटली', 'लाइन फुटली' आणि 'लाइन चोकअप झाली' ही तीन क्रियापदे तीन लाइनींना वेगळे ठेवतात. तार तुटते, पाइप फुटतो, नळी तुंबते. नाम एक झाले तरी क्रियापदांनी आपले मराठीपण सोडले नाही. बोलीची सावधगिरी येथे नामाकडून क्रियापदाकडे सरकलेली दिसते. आणि अनेकार्थता हा इंग्रजीकडून लागलेला रोग आहे, असे मानणाऱ्यांनी त्याच रानातील 'तास' या शब्दाकडे पाहावे. पिकाची ओळ तो तास, साठ मिनिटांचा अवधी तो तास आणि शाळेतील वर्ग तोही तास. 'दोन तासांतले तण काढायला दोन तास लागले' हे वाक्य शेतकऱ्याला मुळीच चमत्कारिक वाटत नाही.

तरीही एक क्षेत्र असे आहे की, जेथे ही संदिग्धता केवळ अभ्यासकाच्या कुतूहलाचा विषय राहत नाही. 'लाइन बंद आहे' या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे पुरवठा थांबलेला आहे. बिघाडामुळे तो आपोआप खंडित झाला आहे. किंवा उपकेंद्रातून रीतसर परवानगी घेऊन काम करण्यासाठी वाहिनी अलग केलेली आहे. पहिल्या दोन अर्थांची लाइन कोणत्याही क्षणी परत येऊ शकते. तिसऱ्या अर्थाची लाइन परवानगी परत केल्याशिवाय येऊ नये, अशी व्यवस्था असते. खांबावर चढणाऱ्याचा जीव या भेदावर अवलंबून असतो. म्हणूनच त्या व्यवसायात 'लाइन क्लिअर' हा रेल्वेकडून आलेला वेगळा शब्दप्रयोग आणि 'परमिट' हा शब्द काटेकोरपणे वापरला जातो. परंतु गावात रोहित्राचा फ्यूज उडाल्यावर लाइनमनची वाट न पाहता स्वतःच डीपीजवळ जाणारा माणूस 'लाइन नाही' या ऐकीव वाक्यावर विसंबतो. तक्रार नोंदवतानाही हाच प्रश्न उद्भवतो. 'आमच्याकडे लाइन नाही' या तक्रारीवरून तार तुटली की एक फेज गेला, की मुळात जोडणीच मिळालेली नाही, हे कळत नाही. आणि अर्जाच्या नमुन्यातील 'वीजपुरवठा खंडित' या शब्दांतूनही ते कळत नाही. येथे गरज आहे ती 'लाइन' हटवण्याची नसून तिला विशेषणे पुरवण्याची. 'थ्री फेज लाइन', 'सिंगल फेज लाइन', 'मेन लाइन' ही विशेषणे बोलीने आधीच बनवली आहेत. कार्यालयीन नमुन्यात त्यांना प्रवेश मिळालेला नाही.

कोशकारांसमोरील प्रश्नही असाच आहे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाला. तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यांत वीज पोहोचायची होती, त्यामुळे 'लाइन गेली' या अर्थाची त्यात अपेक्षा करणे गैर होईल. पुढील कोशांनी मात्र 'लाइन' म्हणजे 'रेषा, ओळ, रांग' असा पर्याय देऊन समाधान मानण्याचे कारण नाही. असा पर्याय इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगतो. मराठी शब्दाचा सांगत नाही. 'सायन्स लाइन घेतली, पण लाइन चुकली' या वाक्यातील 'लाइन'ला रेषा, ओळ किंवा रांग यांपैकी कोणताही शब्द बसवून पाहिला तरी वाक्य उभे राहत नाही. 'शाखा' हा शब्द बसेल. पण शाखा चुकत नाही, वाट चुकते. म्हणजे येथे 'लाइन'मध्ये 'वाट' या शब्दाची छटा उतरलेली आहे. डी.एड.च्या, पोलीस भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या 'लाइनी'त ज्या पिढ्या गेल्या, त्यांच्या बोलण्यातील हा शब्द आयुष्याच्या दिशेविषयी आहे, आणि तिच्यासमोर लागलेल्या रांगेविषयीही.

या शब्दाचा अलीकडचा अवतार म्हणजे 'ऑनलाइन'. तोही खेड्याने आपल्या पद्धतीने घेतला. 'ऑनलाइन करणे' म्हणजे अर्ज भरणे; पीकविम्याचा, शिष्यवृत्तीचा, सातबाऱ्याचा. 'ऑनलाइन झालं का?' असे विचारले जाते तेव्हा विचारणाऱ्याला जाळ्याशी जोडणी अभिप्रेत नसते, तर पोचपावतीचा कागद अभिप्रेत असतो. नावनोंदणीची शेवटची तारीख जवळ आली की सेवा केंद्रासमोर ऑनलाइन करण्यासाठी लाइन लागते. एखाद्या दुपारी केंद्रचालक आतून 'लाइन नाही' असे सांगतो. वीज गेली असेल, इंटरनेट बंद असेल, किंवा समोरची गर्दी ओसरली असेल, आत या, असेही तो म्हणत असेल. म्हणून दाराशी उभा असलेला माणूस परत जाण्याआधी विचारतो, 'कोणती?'